गारपिटीत गाडीचे नुकसान झाल्यास विमा दावा कसा करावा: पॉलिसीच्या तपासणीपासून तक्रारीपर्यंत

महाराष्ट्रात गारपिटीचे संकट प्रामुख्याने फेब्रुवारी ते मे या महिन्यांत येते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत चाललेल्या गारपिटीने विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातील रब्बी पिके व फळबागा झोडपून काढल्या होत्या, आणि त्यानंतरही कोणत्या ना कोणत्या जिल्ह्यात गारा पडल्याची बातमी उन्हाळ्याच्या तोंडावर येतच राहिली आहे. अशा वेळी तलाठी पंचनामे करतात आणि शासन पिके, जनावरे व घरे यांच्यासाठी मदत जाहीर करते. अंगणात उभी असलेली मोटार मात्र या मदतीच्या निकषांत बसत नाही. तिचे छत पोच्यांनी भरले आणि पुढची काच फुटली, तर खर्च एकतर स्वतःच्या खिशातून करावा लागतो किंवा विमा कंपनीकडून मिळवावा लागतो. तो मिळवताना किती रक्कम हाती येईल हे बहुतांशी तीन गोष्टींवर ठरते: गारा पडल्या त्या दिवशी पॉलिसीत काय होते, पहिल्या दोन दिवसांत मालकाने काय केले, आणि हिशेबाचा कागद त्याला वाचता आला की नाही.

पॉलिसीत ‘ओन डॅमेज’ जिवंत आहे का?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार बंधनकारक असलेला विमा हा केवळ थर्ड पार्टी विमा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या व्यक्तीला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर ते तो भरून देतो. आपल्या स्वतःच्या गाडीवर पडलेल्या गारेसाठी त्यातून एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी पॉलिसीत ‘ओन डॅमेज’ हा भाग असावा लागतो. तो सर्वसमावेशक पॉलिसीत, म्हणजे ज्याला बोलण्यात ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात त्यात, असतोच, आणि थर्ड पार्टी विमा आधीच असेल तर स्वतंत्रपणेही घेता येतो. या भागाच्या मजकुरात कंपनी ज्या कारणांनी झालेले नुकसान भरून देते त्यांची यादी असते. आग, वीज, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, चक्रीवादळ आणि दरड यांच्याबरोबर गारपिटीचा त्यात स्पष्ट उल्लेख असतो, त्यामुळे गारपिटीसाठी वेगळे अॅड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायचे पूरक संरक्षण, घ्यावे लागत नाही. गारपिटीबरोबरच्या वाऱ्याने झाडाची फांदी किंवा शेडचा पत्रा गाडीवर पडला, तर तेही याच भागात येते.

नवी गाडी घेणाऱ्यांची फसगत नेमकी येथे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. शोरूममध्ये मिळणारी पॉलिसी बहुतेक वेळा तीन वर्षांचा थर्ड पार्टी आणि एकाच वर्षाचा ओन डॅमेज अशी जोडपॉलिसी असते. कागदावर तीन वर्षांनंतरची तारीख पाहून मालक निश्चिंत राहतो, आणि ओन डॅमेजचा भाग पहिल्या वाढदिवसालाच संपलेला असतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन्ही भागांच्या मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात. फेब्रुवारी उजाडण्यापूर्वी त्या दोन्ही तारखा पाहून घ्याव्यात. खंड पडल्यानंतर विमा पुन्हा घेताना कंपनी गाडीची तपासणी करते किंवा व्हिडिओ मागते आणि आधीचे पोचे नोंदवून ठेवते, म्हणून गारा पडून गेल्यावर पॉलिसी घेऊन त्याच नुकसानीचा दावा करता येत नाही.

जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. आरसी बुक आपल्या नावावर झाले तरी पॉलिसी आधीच्या मालकाच्या नावावर राहिली असेल, तर ओन डॅमेजचा दावा अडतो. विमा हस्तांतरणासाठी कंपनीकडे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो.

द्राक्ष, कांदा, भाजीपाला वाहणाऱ्या पिकअप आणि टेम्पोच्या मालकांसाठी नियम वेगळा आहे, आणि तो फारसा कोणी समजावून सांगत नाही. मालवाहू वाहनांच्या प्रमाणित पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांचे नुकसान सहसा वगळलेले असते. गारांचा मार तर यांतील बहुतेक भागांवरच बसतो. जादा हप्ता भरून ‘आयएमटी २३’ ही पुरवणी घेतली, तरच हे भाग संरक्षणात येतात. नूतनीकरणाच्या वेळी विमा प्रतिनिधीला हा क्रमांक सांगून ती पुरवणी पॉलिसीवर छापून आली आहे याची खात्री करावी.

खासगी मोटारीतही कंपनीने न बसवलेली साधने, उदाहरणार्थ बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, छतावरील कॅरिअर किंवा सीएनजी किट, यांची पॉलिसीत स्वतंत्र नोंद आणि किंमत असावी लागते. गाडीत ठेवलेले सामान या विम्यात येत नाही.

गारा थांबल्यानंतरचे पहिले दोन दिवस

गारा पडत असताना गाडी हलवण्यासाठी बाहेर धावू नये. लिंबाएवढी गार पत्र्याला पोचा पाडते, तर डोक्याला काय करील याचा विचार करावा. गाडी चालवत असाल तर वेग कमी करून पुलाखाली किंवा पेट्रोल पंपाच्या छताखाली थांबावे, मात्र महामार्गाच्या चालत्या मार्गिकेत थांबू नये.

गारा थांबताच, त्या वितळण्यापूर्वी, छायाचित्रे काढावीत. एका छायाचित्रात नंबर प्लेटसह संपूर्ण गाडी आणि आजूबाजूचा परिसर दिसावा. दुसऱ्यात जमिनीवरच्या गारा एखाद्या नाण्याशेजारी ठेवून त्यांचा आकार दाखवावा. मग चारही बाजू, छत, बॉनेट, डिकी, काचा, दिवे आणि आरसे यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत. मोबाइलमध्ये तारीख, वेळ आणि स्थान नोंदवण्याची सोय चालू ठेवावी. स्थानिक वृत्तपत्रातील गारपिटीची बातमी कापून ठेवली, तर त्या दिवशी त्या गावात गारा पडल्याचे दाखवणे सोपे जाते. निव्वळ गारपिटीच्या दाव्यासाठी एफआयआरची गरज नसते.

काच फुटली असेल तर तिच्यावर ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक बांधावे. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणे ही पॉलिसीची अट आहे. फुटक्या काचेतून पुढचे दोन दिवस पाऊस आत गेला आणि सीट किंवा वायरिंग खराब झाले, तर ते टाळता आले असते असे म्हणून कंपनी त्या भागाचे पैसे नाकारू शकते. यापलीकडे सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीचे मूल्यांकन करणारा तज्ज्ञ, येईपर्यंत गाडीची दुरुस्ती सुरू करू नये. केस वाळवण्याचे यंत्र आणि बर्फ वापरून पोचे काढण्याचे जे घरगुती प्रयोग समाजमाध्यमांवर फिरतात, त्यांनी रंगाला तडे जाऊ शकतात आणि सर्व्हेअरसमोर मूळ नुकसानीचा पुरावाही राहत नाही.

नुकसानीची सूचना विनाविलंब द्यावी, अशी पॉलिसीची अट असते. तरीही कंपनीला फोन करण्यापूर्वी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गाडी दाखवून खर्चाचा अंदाज घेणे शहाणपणाचे ठरते, कारण दावा करायचा की नाही हा निर्णय त्या आकड्यावर अवलंबून आहे.

दावा करावा की स्वतः खर्च करावा?

गेल्या वर्षांत दावा केला नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यावर नो क्लेम बोनस मिळतो: एका वर्षानंतर २० टक्के, मग अनुक्रमे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो, मग दावा पाच हजारांचा असो की पाच लाखांचा. गारपीट मालकाच्या चुकीने होत नाही हे खरे असले तरी बोनससाठी हा भेद केला जात नाही.

समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे आणि सध्या ३५ टक्के बोनस चालू आहे. दावा न केल्यास पुढच्या वर्षी ४५ टक्के सवलतीने ६,६०० रुपये आणि त्यानंतर दर वर्षी ५० टक्क्यांनी ६,००० रुपये भरावे लागतील. दावा केल्यास पुढची पाच वर्षे अनुक्रमे १२,०००, ९,६००, ९,०००, ७,८०० आणि ६,६०० रुपये भरावे लागतील. वर्षावार फरक ५,४००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० रुपये, म्हणजे एकूण १४,४०० रुपये होतो, आणि १८ टक्के जीएसटी धरल्यास तो १७,००० रुपयांच्या जवळ जातो. गाडीची विमित किंमत दर वर्षी घटत असल्याने मूळ हप्ताही थोडा उतरतो, त्यामुळे हा आकडा कमाल मर्यादा समजावा.

बॉनेटवर पाच-सहा पोचे आहेत आणि दुरुस्तीला १२,००० रुपये लागणार आहेत, अशा स्थितीत दावा करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अनिवार्य वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम, गेल्यावर ११,००० रुपये मिळतील आणि बोनसपोटी त्याहून जास्त जातील. एजंट आणि गॅरेज यांना दावा झालेला हवा असतो, आणि त्यांचे हित नेहमीच मालकाच्या हिताशी जुळते असे नाही. याउलट त्याच पॉलिसी वर्षात आधी एखादा दावा झाला असेल, तर बोनस तसाही गेलेला असतो. मग गारपिटीचा मध्यम रकमेचा दावा सोडून देण्यात अर्थ नाही. ज्यांनी नो क्लेम बोनस संरक्षणाचे अॅड-ऑन घेतले आहे त्यांनी त्यातील अटी वाचाव्यात, कारण वर्षात किती दावे चालतात आणि कोणत्या प्रकारचे, हे प्रत्येक कंपनीत वेगळे असते.

सूचना दिल्यानंतर विचार बदलला, तर रक्कम मिळण्यापूर्वी दावा मागे घेता येतो. तसे केल्यास ‘रक्कम न देता दावा बंद’ असे लेखी पत्र घ्यावे, अन्यथा नूतनीकरणाच्या वेळी बोनसवरून वाद होतो.

सूचना आणि सर्व्हे

दावा करायचे ठरल्यावर कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर, अॅपवर किंवा ईमेलने कळवावे आणि दावा क्रमांक लिहून घ्यावा. फोनवर कळवले तरी एक ईमेल पाठवावा, त्यामुळे तारखेचा पुरावा राहतो. चार दिवसांच्या अंतराने दोनदा गारा पडल्या आणि दोन्ही वेळा नुकसान झाले, तर त्या दोन स्वतंत्र घटना ठरतात, दोन दावे होतात आणि वजावटही दोनदा लागते. म्हणून तारीख अचूक सांगावी. लागणारी कागदपत्रे थोडी असतात: दावा अर्ज, पॉलिसी, आरसी, वाहन चालवण्याचा परवाना, गॅरेजचा अंदाजखर्च, बँक तपशिलासाठी रद्द केलेला धनादेश आणि केवायसीची कागदपत्रे.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला जावा, त्याचा अहवाल १५ दिवसांत यावा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा, असे अपेक्षित आहे. मोटारीचे नुकसान ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास परवानाधारक सर्व्हेअरकडूनच मूल्यांकन व्हावे लागते. त्याखालील दाव्यांत कंपनीचा कर्मचारी किंवा मोबाइलवरील व्हिडिओ तपासणीही चालते.

गारांच्या सर्व्हेत सर्वांत मोठी अडचण अशी की पोचे उथळ असतात आणि भर उन्हात, विशेषतः पांढऱ्या व चंदेरी गाडीवर, ते दिसतच नाहीत. यासाठी गाडी स्वच्छ धुऊन शेडमध्ये उभी करावी आणि एका बाजूने ट्यूबलाइटचा तिरपा प्रकाश टाकावा. पत्र्यावर पडलेले नळीचे प्रतिबिंब जेथे वाकडे होते तेथे पोचा असतो. प्रत्येक पोच्याभोवती सहज पुसता येणाऱ्या खडूने गोल करावा आणि भागवार संख्या कागदावर मांडावी. छताच्या कडा, काचेशेजारचे खांब, दारांवरील चौकट आणि ज्या दिशेने वारा होता त्या बाजूची दारे हे भाग हमखास सुटतात. सर्व्हेअर अहवालात जे लिहील त्याचेच पैसे मिळतात, म्हणून तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहणे फार महत्त्वाचे आहे. जुने ओरखडे आणि पार्किंगमधील घासलेले बंपर आपणहून वेगळे दाखवावेत. त्यामुळे उरलेल्या यादीवर त्याचा विश्वास बसतो.

बिलातून काय कापले जाते?

विमा असूनही पदरचे पैसे का भरावे लागले, असा प्रश्न गॅरेजच्या काउंटरवर रोज विचारला जातो. याचे मुख्य कारण घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याने त्याच्या किमतीतून होणारी कपात, हे आहे. बदललेल्या रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के आणि काचेवर शून्य घसारा लागतो. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार कपात होते: पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, मग दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी १५, चौथ्या वर्षी २५, पाचव्या वर्षी ३५, पाच ते दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामात केवळ साहित्याच्या किमतीवर ५० टक्के कपात असते, आणि बिल एकत्रित असेल तर त्यातील २५ टक्के साहित्य धरले जाते. मजुरीवर घसारा नाही. शेवटी अनिवार्य वजावट वजा होते, जी खासगी मोटारीसाठी १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये आहे. हप्ता कमी करण्यासाठी ऐच्छिक वजावट स्वीकारली असेल तर तीही यात मिळवली जाते.

साडेचार वर्षांच्या, १,२०० सीसीच्या गाडीचे करांसह ५८,००० रुपयांचे बिल घेऊ. नवे बॉनेट १४,००० रुपयांचे आहे, त्यावर ३५ टक्के घसारा जाऊन ९,१०० मिळतात. छत व डिकीचे रंगकाम २०,००० रुपयांचे, त्यातील साहित्य ५,००० रुपये धरून निम्मे, म्हणजे २,५०० कापले की १७,५०० उरतात. पुढची काच ९,००० रुपयांची, ती पूर्ण मिळते. मात्र तिच्या १,००० रुपयांच्या रबरी पट्टीचे ५०० रुपयेच मिळतात. दिवा ८,००० रुपयांचा, प्लास्टिक म्हणून त्याचे ४,०००. मजुरी ६,००० रुपये पूर्ण. बेरीज ४६,१०० रुपये होते आणि वजावटीनंतर ४५,१०० रुपये कंपनीकडून येतात. मालकाने भरायचे १२,९०० रुपये. वरच्या उदाहरणातील बोनसचे नुकसान धरूनही येथे दावा करणे फायद्याचे आहे.

झिरो डेप अॅड-ऑन असेल तर घसाऱ्याची कपात बहुतेक सर्व टळते, वजावट मात्र राहते. अनेक पॉलिसींत या सवलतीचे दावे वर्षातून दोनच चालतात. पाच वर्षांच्या आतील गाडीसाठी आणि ज्यांची गाडी उघड्यावर उभी असते त्यांच्यासाठी हे अॅड-ऑन मला इतर सर्व अॅड-ऑनपेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.

दुरुस्तीचा खर्च विमित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला तर गाडी पूर्ण नुकसानग्रस्त मानली जाते. जुन्या, कमी आयडीव्ही असलेल्या गाडीच्या सर्वच पत्र्यांवर पोचे आणि काचा फुटलेल्या असतील, तर गारपिटीतही हे घडू शकते.

दुरुस्ती कोणत्या पद्धतीने करावी?

गॅरेजचा पहिला कल पुट्टी भरून रंगकाम करण्याकडे किंवा बॉनेट बदलण्याकडे असतो. गारांच्या पोच्यांसाठी त्याहून चांगला मार्ग म्हणजे पेंटलेस डेंट रिपेअर, म्हणजेच पीडीआर. यात कारागीर पत्र्याच्या मागून खास सळयांनी किंवा वरून गोंदाच्या खुंटीने पोचा हळूहळू मूळ जागी आणतो. कंपनीचा मूळ रंग शाबूत राहतो, पुट्टी भरावी लागत नाही आणि पुढे गाडी विकताना ‘रंगवलेली गाडी’ म्हणून भाव पडत नाही. हिशेबातही त्याचा फायदा आहे, कारण हे काम जवळजवळ पूर्णपणे मजुरीचे असल्याने त्यावर ना सुट्या भागांचा घसारा लागतो ना रंगाच्या साहित्याची कपात. रंगाला तडा गेला असेल, पत्रा ताणला गेला असेल किंवा पोचा अगदी कडेवर असेल तेथे मात्र ही पद्धत चालत नाही. अॅल्युमिनियमच्या बॉनेटवर ती अधिक अवघड जाते. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांत हे कारागीर मिळतात. त्यांचा अंदाजखर्च सर्व्हेअरला आधी दाखवून लेखी मंजुरी घ्यावी आणि मगच काम सुरू करावे.

कॅशलेस गॅरेजमध्ये मालकाने फक्त आपला हिस्सा भरायचा असतो. इतरत्र काम केल्यास पूर्ण बिल भरून नंतर परतावा घ्यावा लागतो. मोठ्या गारपिटीनंतर अधिकृत वर्कशॉपमध्ये रांग लागते, तेव्हा काच तातडीने बदलून घेऊन पत्र्याचे काम त्याच दाव्यात नंतर करता येईल का, हे सर्व्हेअरला विचारावे. पुढच्या काचेवर चालकसाहाय्याचा कॅमेरा असलेल्या गाडीत काच बदलल्यावर त्याचे कॅलिब्रेशन करावे लागते. तो खर्च पहिल्याच अंदाजात लिहून घ्यावा. बदललेले जुने भाग पुनर्तपासणी होईपर्यंत गॅरेजमध्ये ठेवण्यास सांगावे.

रक्कम कमी मिळाली किंवा दावा नाकारला तर

प्रथम सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागावी आणि कपातीची प्रत्येक ओळ वरील दरांशी ताडून पाहावी. काचेवर घसारा लावणे, एकत्रित रंगकामाच्या पूर्ण बिलावर ५० टक्के कापणे आणि गाडीचे वय एका वर्षाने जास्त धरणे, या तीन गोष्टी सर्वांत आधी तपासाव्यात. आक्षेप असेल तर ‘पूर्ण व अंतिम’ रक्कम मिळाल्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो ईमेलने कळवावा.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने समाधान केले नाही, तर नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा लोकपालांना अधिकार आहे. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो मान्य नसल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो, आणि तेथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.